अमेरिकेत रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायच्यात? आधी हे बघा

हॅलोविन आलं की मुलं मांजरीच्या डोळ्यांच्या लेन्स मागतात, आणि बाजारात, ब्युटी शॉपमध्ये त्या सर्रास मिळतात, पण अमेरिकेत अशा प्रिस्क्रिप्शनशिवाय विकणं बेकायदा आहे. २००५ च्या कायद्याने सगळ्याच कॉन्टॅक्ट लेन्स मेडिकल डिव्हाइस ठरल्या, नंबर असो नसो, त्यामुळे एफडीए (औषधं आणि मेडिकल डिव्हाइसवर लक्ष ठेवणारी अमेरिकेची सरकारी संस्था) त्यांना कॉस्मेटिक मानत नाही.

म्हणून आधी आय डॉक्टरकडे जा आणि सरळ सांगा की फक्त रंगासाठी हवीय. नंबर शून्य असला तरी डोळ्याचं माप घ्यावंच लागतं, कारण प्रत्येकाच्या बुबुळाचा गोलावा वेगळा, लेन्स नीट बसली नाही की ओरखडा, मग इन्फेक्शन, कधीकधी नजरही जाते. फिटिंग झालं की प्रिस्क्रिप्शन तुमच्या हातात द्यायलाच लागतं, मागायची पण गरज नाही. त्यात ब्रँड, बेस कर्व्ह (लेन्सचा गोलावा), डायमीटर (लेन्सची रुंदी), एक्स्पायरी डेट आहे ना बघून घ्या, चष्म्याचा कागद इथे चालत नाही.

मग कुठूनही घ्या, ऑनलाइनसुद्धा. दुकानदार एकतर प्रिस्क्रिप्शन मागेल नाहीतर डॉक्टरकडे व्हेरिफाय करेल, त्यासाठी डॉक्टरला कामाचे ८ तास मिळतात. काहीच न विचारता विकणारा किंवा "सगळ्यांना बसते" म्हणणारा दिसला तर तिथून निघा, स्वस्त असली तरी. मैत्रिणीची लेन्स घालून बघणं तर अजिबात नको!

डोळा लाल झाला, दुखला, अंधुक दिसलं तर लेन्स लगेच काढा आणि डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका.