नल नसलेल्या प्रॉपर्टीत नल: कोटलिनमधला इनिट ब्लॉक

प्रकार असा: कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या क्लासमधली प्रॉपर्टी व्हॅल (एकदाच किंमत घेणारी), टाइप साधा स्ट्रिंग (मजकूर), म्हणजे नलला, 'किंमतच नाही' या अवस्थेला, मुळात जागाच नाही. तरी ऑब्जेक्ट बनताना नल पॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे नल वापरल्यामुळे होणारा क्रॅश. कंपायलरची मात्र तक्रार शून्य.

कोटलिनमध्ये प्रॉपर्टींच्या आरंभीच्या किमती आणि इनिट ब्लॉक (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड), दोन्ही लिहिलेल्या क्रमानेच वरून खाली चालतात. इनिटमध्ये खालची प्रॉपर्टी थेट वाचली तर कंपायलर लगेच अडवतो. पण माझा इनिट एका मेंबर फंक्शनला हाक मारत होता आणि वाचन त्या फंक्शनच्या आत होतं. कंपायलरचं कंट्रोल फ्लो विश्लेषण (कोणती ओळ कधी चालेल याचा माग) बोलावलेल्या फंक्शनच्या पोटात शिरत नाही, त्यामुळे ही वाट त्याला दिसतच नाही. जेव्हीएमवर (जावा व्हर्च्युअल मशीन, जिथे हा कोड चालतो) त्या क्षणी फील्डमध्ये, म्हणजे प्रॉपर्टीची किंमत ठेवायच्या जागेत, नल असतो. (टाइप इंट, म्हणजे पूर्णांक, असता तर गुपचूप 0 मिळाला असता, त्यापेक्षा क्रॅश परवडला.)

आधी 'बाय लेझी' (किंमत पहिल्यांदा वाचताना काढणं) लावून पाहिलं. उपयोग नाही, कारण लेझीचा डेलिगेट (ती किंमत काढून देणारा ऑब्जेक्ट) ठेवायलासुद्धा एक फील्डच, तोही आपल्या ओळीची पाळी येईपर्यंत रिकामा.

शेवटी प्रॉपर्टी इनिटच्या वर नेली आणि फंक्शनला ती किंमत पॅरामीटर म्हणून दिली. आता क्रम चुकला तर कंपायलरच ओरडतो.