कार्पेटचे जुने स्पीकर स्वच्छ करताना या चुका टाळा

कार्पेट चढवलेला स्पीकर वरून गालिच्यासारखा दिसतो, म्हणून तो गालिच्यासारखाच धुवायला घेतला जातो आणि तिथेच घात होतो. इथे जेमतेम काही मिलिमीटर कार्पेट, त्याखाली गोंद आणि गोंदाखाली लगेच प्लायवूड, एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड (दोन्ही लाकडाचे तंतू किंवा भुसा दाबून केलेल्या फळ्या) असतं. एमडीएफमध्ये पाणी मुरलं की कडा फुगतात आणि वाळल्यावरही पुन्हा पहिल्यासारख्या बसत नाहीत. तेव्हा कामाला लागण्याआधी एवढं मनाशी पक्कं करा: तुम्ही कापड नाही, लाकडाचा खोका साफ करताय.

वास कुठून येतोय हे न बघताच फवारे मारणं

सगळ्यात जास्त वेळ आणि मेहनत इथे वाया जाते. कुबट वास पुष्कळदा कार्पेटला नसतोच. खोक्याच्या आत भरलेला पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा थर धूर आणि ओल वर्षानुवर्षं धरून ठेवतो. आतलं लाकूड बहुधा कच्चं, बिनरंगाचं असतं, तेही वास पितं. जाळीमागचा जुना फोम तर चिकट होऊन झडायला लागलेला असतो. उंदीर पोर्टमधून, म्हणजे हवेसाठी खोक्याला ठेवलेल्या भोकातून, आत शिरलेले असले, तर बाहेरून त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून आधी रात्रभराची एक परीक्षा करा. कागदी टॉवेलचा एक तुकडा कार्पेटवर ठेवा, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसरा तुकडा दोऱ्याला बांधून पोर्टमधून आत लोंबता सोडा आणि पोर्टचं तोंड फॉइलने झाका. सकाळी दोन्ही कागद मोकळ्या हवेत नेऊन हुंगा. आतला कागद घाण मारत असेल, तर कार्पेट कितीही घासा, ते आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! जाळीचा फोम वेगळा काढून हुंगा. तो बोटाने चुरत असेल तर धुण्यात अर्थ नाही, बदलूनच टाका.

सुगंधी फवाऱ्याने काही साधत नाही. त्यातली तेलं धाग्यांत राहतात, धूळ ओढतात आणि हवा दमट झाली की कुबट आणि सुगंधी असे दोन्ही वास एकदम येतात.

ड्रायव्हर जागेवर ठेवूनच सफाई करणं

ड्रायव्हर म्हणजे स्पीकरचा आवाज काढणारा भाग. त्याच्या कागदी शंकूला, म्हणजे कोनाला, ओल लागली की तो मऊ पडतो. वास घालवायला वापरायच्या खाण्याच्या सोड्याची पूड व्हॉइस कॉइलच्या (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) फटीत गेली की खरखर सुरू होते आणि ती पूड तिथून काढणं जवळपास अशक्य असतं. त्यामुळे ओलं काम किंवा पुडीचं काम करायचं असेल, तर ड्रायव्हर बाहेर काढणं भागच आहे.

खोका पाठीवर आडवा करा. वायरींचा फोटो काढा आणि धन टोकाच्या वायरीला चिकटपट्टीची खूण करा. स्क्रू काढताना कोनावर जाड पुठ्ठा धरा. चुंबक स्क्रूड्रायव्हरचं टोक खेचून घेतो आणि निसटलेलं टोक सरळ कोनातून आरपार जातं. कड चिकटून बसली असेल तर प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून ती हळूहळू सुटी करा. काढलेला ड्रायव्हर स्वच्छ पिशवीत ठेवा, लोखंडाचा कीस पडलेल्या टेबलावर नको.

स्पीकरमध्येच ॲम्प्लिफायर असेल तर प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहू शकतो. तो भाग माहितगाराकडून काढून घ्या. तोवर फक्त कोरडी सफाई करा.

कोरडं काम पुरतं न करता पाणी लावणं

धुळीत पाणी पडलं की चिखल होतो आणि तो धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसतो. व्हॅक्यूम क्लिनरला ब्रशचं तोंड लावून प्रत्येक बाजूवर आधी उभा, मग आडवा फिरवा. नायलॉनच्या मऊ ब्रशने धागे उचला आणि पुन्हा व्हॅक्यूम करा. केस आणि तंतू एवढ्यानेही निघाले नाहीत, तर रबरी हातमोजा घालून एकाच दिशेने तळहात ओढा. केसांच्या वळ्या होऊन कडेला गोळा होतात, त्या चिमटीने उचलता येतात. चिकटपट्टीचा जुना चिकटा ताज्या चिकटपट्टीनेच टिपून टिपून उचला. थिनर किंवा ॲसिटोन ओतलंत तर खालचा गोंदही सुटेल.

तारेचा ब्रश नको. हे कार्पेट बहुधा विणलेलं नसतं, धागे सुयांनी एकमेकांत गुंतवलेले असतात. तारेने ते उपसले जातात आणि सगळीकडे बुरा निघतो. हा बुरा लायटरने जाळू नका. धागे बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे असतात, ते साधारण 160 अंश सेल्सिअसला वितळतं आणि तिथे कडक, चकचकीत डाग कायमचा राहतो. कपड्यांवरचे गोळे काढायचं यंत्र मिळतं, ते हलक्या हाताने फिरवा.

बुरशी दिसत असेल तर कोरड्या ब्रशने झाडू नका, बीजाणू घरभर उडतात. एन95 मास्क लावून खोका उघड्यावर न्या.

साबण आणि पाणी सढळ हाताने वापरणं

1 लिटर कोमट पाण्यात भांडी धुण्याचा सौम्य द्रव साबण 5 मिली पुरतो. चमचाभर, त्याहून जास्त नको. पाणी घुसळा आणि स्पंजवर फक्त वरचा फेस घ्या. वीतभर चौकोन चोळा, लगेच घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबर फडक्याने पुसा, मग साध्या पाण्यात पिळलेलं दुसरं फडकं दोनदा फिरवा. त्यानंतरच पुढचा चौकोन घ्या. पुसलेल्या चौकोनावर कागदी टॉवेल दाबून बघा. कागदावर दमट छटा आली तर ठीक. कागद भिजला तर तुम्ही फार पाणी घातलंय. जोडाच्या रेषा आणि खालच्या कडा यांवर हात आणखी हलका ठेवा.

काही आठवड्यांतच कार्पेट पुन्हा राखाडी झालं किंवा वाळल्यावर हाताला कडक लागलं, तर साबण आत राहिलाय असं समजा. 1 लिटर पाण्यात 50 मिली पांढरं व्हिनेगर घालून त्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने.

पाणी फवारून ओढून घेणारं कार्पेटचं यंत्र आणि वाफेचं यंत्र, दोन्ही इथे वर्ज्य.

सगळ्या वासांवर एकच उपाय

सिगारेटच्या धुराला वरचं साबणाचं काम आणि मग सोडा. बुरशीला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही फडक्यावर घेऊन, उघड्या हवेत आणि आगीपासून दूर. आधी तळाच्या कोपऱ्यात रंग आणि गोंद तपासून घ्या. मूत्र, उलटी किंवा सांडलेलं दूध असेल तर एन्झाइमचा क्लिनर लागतो. तो बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतका ओला राहिला पाहिजे. त्याच्या जोडीला व्हिनेगर किंवा कढत पाणी वापरलं तर एन्झाइम निकामी होतात. ब्लीच मात्र कपाटातच राहू द्या. व्हिनेगरशी मिसळला की त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि मूत्रातल्या अमोनियाशी मिसळला की क्लोरामाइन. दोन्ही विषारीच.

खाण्याचा सोडा पूर्ण कोरड्या कार्पेटवरच घाला. उभ्या बाजूवर तो टिकत नाही, म्हणून एक बाजू वर करायची, पातळ थर पसरायचा, 8 ते 12 तास ठेवून व्हॅक्यूम करायचं आणि मग खोका फिरवायचा. चार बाजूंना चार फेऱ्या. कंटाळवाणं आहे, पण घाई केली तर फळ मिळत नाही. ओल्या कार्पेटवर सोडा टाकलात तर तो मुळाशी पांढरा घट्ट बसतो. मग वाळू द्या, ब्रशने फोडा, व्हॅक्यूम करा आणि उरलेला व्हिनेगरच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा.

ओझोन यंत्राच्या वाटेला जाऊ नका. ओझोनने नैसर्गिक रबराला तडे जातात, फुफ्फुसांनाही तो वाईट.

काळा रंग फिका पडला म्हणून कपड्याचा रंग चढवू नका. पॉलिप्रॉपिलीन तो शोषत नाही, रंग हाताला आणि भिंतीला लागत राहतो.

वाळवताना घाई

हेअर ड्रायरची गरम हवा आणि कडक ऊन यांनी गोंद ढिला पडतो आणि कार्पेटला फुगे येतात. खोका दोन पट्ट्यांवर उचलून ठेवा आणि ड्रायव्हरच्या मोकळ्या भोकात साध्या पंख्याचा वारा जाऊ द्या. 24 ते 48 तास लागतात. फुगा आलाच, तर सिरिंजने थोडा कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह आत सोडा, वर सपाट फळी आणि वजन ठेवून दिवसभर तसंच राहू द्या.

आतल्या लाकडाला वास असेल तर ते पुरतं वाळल्यावरच शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात द्या. ओल्या लाकडावर दिलात तर ओल आत कोंडली जाते. आतला थर बदलताना त्याच जातीचा आणि तेवढ्याच जाडीचा घ्या. कमी-जास्त भरला तर खालचे सूर बदलतात. जुना थर काचतंतूचा असेल तर हातमोजे आणि मास्क हवेतच.

एन्झाइमच्या दोन फेऱ्यांनंतरही फॉइलखालचा कागद घाण मारत असेल, तर मूत्र गोंदापर्यंत पोहोचलंय. तिथे कार्पेट सोलून नवं चढवणं हाच उपाय, आणखी पाणी घालून लाकूड गमावू नका.

बसवताना

स्क्रू एकामागोमाग न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. पार्टिकल बोर्डात जोर लावलात तर भोकं मोठी होतात. वायरींबद्दल शंका आली तर 1.5 व्होल्टचा सेल वूफरच्या (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरच्या) टोकांना क्षणभर टेकवा. सेलचं धन टोक वूफरच्या धन टोकाला लागलं की बहुतेक वूफरचा कोन बाहेर येतो. आत गेला तर बहुधा खूण चुकलीये. हॉर्नच्या (वरचे सूर काढणाऱ्या भोंग्याच्या) ड्रायव्हरवर मात्र हा प्रयोग करू नका. पोर्ट नसलेल्या बंद खोक्याचा कोन बोटांनी हलकेच आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर खोका हवाबंद आहे. झटकन उसळला तर कडेचं गॅस्केट (हवा अडवणारी पट्टी) नीट बसलेलं नाही, स्क्रू सैल करून पुन्हा बसवा.