स्वेच्छानिवृत्ती घेताय? नोटिशीचा पगार आधी लिहून घ्या

वडोदऱ्याकडच्या मकरपुऱ्यातल्या किंवा नंदेसरीतल्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना लागली की सगळ्यांचे लक्ष भरपाईच्या मोठ्या आकड्याकडे असते. नोटिशीच्या पगाराचा, म्हणजे नोटिशीच्या मुदतीऐवजी मिळणाऱ्या पगाराचा, विषय निघतो तो शेवटच्या दिवशी, हिशेबाच्या कागदावर सही करताना. तेव्हा फारसे काही बदलता येत नाही.

कंपनीने कामगार कपात केली, तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार कायद्याने मिळतो. स्वखुशीची निवृत्ती मात्र कायद्याच्या व्याख्येत कपात ठरत नाही. म्हणून तुमचा हक्क तीन कागदांतून येतो: नियुक्तीपत्र, कंपनीचे स्थायी आदेश (नोकरीच्या अटींचे लेखी नियम) आणि योजनेचे परिपत्रक. तिन्हींची प्रत हाती येईपर्यंत अर्ज देऊ नका. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत 1988 च्या मार्गदर्शक सूचनांपासूनच सेवाशर्तींप्रमाणे एक किंवा तीन महिन्यांचा नोटीस-पगार भरपाईहून वेगळा धरलेला आहे. तिथे ‘गुजरात पॅटर्न’ने, म्हणजे नोकरीच्या झालेल्या प्रत्येक वर्षाला 35 दिवसांचा आणि निवृत्तीपर्यंत उरलेल्या प्रत्येक वर्षाला 25 दिवसांचा पगार, अशी भरपाई मिळत असेल तर त्यात नोटिशीचा पगार आला असे समजू नका.

अर्जात ‘राजीनामा’ हा शब्द नको. राजीनामा दिला की नोटीस देणे तुमच्यावर येते आणि कंपनी उलट तुमच्याकडूनच वसुली मागू शकते. असे लिहा: ‘अमुक तारखेच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली अर्ज करीत आहे. नोटिशीची मुदत संपण्याआधी मला मोकळे केल्यास उरलेल्या दिवसांचा पगार मिळावा. माझ्याकडून नोटिशीची वसुली होऊ नये.’ पोच घ्या, शिक्क्यासह. (वसुली झालीच, तर तिच्यावर जीएसटी लागत नाही, 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाने ते स्पष्ट झाले आहे.)

आता आकडा. नियुक्तीपत्रात नोटिशीसाठी ‘मूळ पगार’ धरला आहे की ‘एकूण पगार’, ते बघा. मूळ आणि महागाई भत्ता मिळून 40,000 रुपये आणि एकूण 62,000 असेल, तर तीन महिन्यांचे 1,20,000 की 1,86,000, हा 66,000 रुपयांचा प्रश्न आहे. शिल्लक रजा नोटिशीत वळती करायची असेल तर आधी रजेच्या रोखीकरणात किती तोटा होतो ते मोजा.

सगळ्यात जास्त फसगत तारखेत होते. ग्रॅच्युइटीत सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. नोकरी 21 वर्षे 5 महिने झाली असताना तीन महिन्यांची नोटीस प्रत्यक्ष भरली, तर सेवा 21 वर्षे 8 महिने होते आणि 22 वर्षांची ग्रॅच्युइटी मिळते. नोटिशीऐवजी पगार घेऊन त्याच दिवशी बाहेर पडलात तर 21 वर्षांचीच. वरच्या 40,000 वर हिशेब केला, तर 15 भागिले 26 ने (महिन्याचे 26 दिवस धरून 15 दिवसांचा पगार) एका वर्षाचे 23,077 रुपये जातात. म्हणून मोकळे होण्याची तारीख कॅलेंडर समोर ठेवून मागा. नोटिशीऐवजी मिळालेल्या पगारावर पीएफही जमा होत नाही.

करात स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईवर 5 लाखांपर्यंत सूट आहे, पण त्यासाठी 10 वर्षे नोकरी किंवा 40 वर्षे वय आणि योजनेच्या इतर अटी पाळलेल्या हव्यात. नोटिशीचा पगार या सवलतीत बसत नाही, तो पगार म्हणून करपात्र आहे. दोन्ही रकमा एकाच ओळीत दाखवल्या असतील तर हिशेब परत पाठवा आणि वेगवेगळ्या ओळी मागा.

शेवटच्या कागदावर गुजरातीत ‘हवे कोई लेणुं बाकी नथी’ (आता काही येणे बाकी नाही) अशा अर्थाचे वाक्य असते. वाचता येत नसेल तर शेजारच्याकडून वाचून घ्या, पण न वाचता सही करू नका. रक्कम अपुरी असेल तर सहीखाली ‘नोटीस-पगाराचा हक्क राखून स्वीकारले’ असे लिहा आणि फोटो काढा. मग आस्थापना विभागाला लेखी मागणी द्या. उत्तर आले नाही तर कामगाराने कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करावा. व्यवस्थापकीय पदावर असणाऱ्याला मात्र ही वाट नाही, त्याला करारावरून दिवाणी न्यायालयात जावे लागते, म्हणून त्याने नियुक्तीपत्रातले नोटिशीचे कलम दोनदा वाचावे.