सोन्याचं पाणी दिलेलं घड्याळ कसं पारखावं आणि कसं टिकवावं

‘१८ कॅरेट गोल्ड प्लेटेड’ असं लिहिलेलं घड्याळ दिसलं की नजर आधी त्या १८ वर जाते. टिकाऊपणाशी त्या आकड्याचा फारसा संबंध नाही. वरच्या थरातलं सोनं किती शुद्ध आहे, एवढंच कॅरेट सांगतो. १८ कॅरेट म्हणजे हजारात ७५० भाग सोनं. तो थर किती जाड आहे आणि कोणत्या धातूवर चढवलाय, हे कॅरेट सांगत नाही. घड्याळ दोन वर्षांनी कसं दिसेल ते मात्र याच दोन गोष्टींवर ठरतं.

एक हिशेब करून बघा. घड्याळाच्या केसचा, म्हणजे यंत्राभोवतीच्या धातूच्या कवचाचा, बाहेरून दिसणारा भाग १५ चौरस सेंटिमीटर धरू आणि थर १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सोनं अगदी शुद्ध मानलं तरी त्याचं वजन भरतं सुमारे २९ मिलिग्रॅम. थर २० मायक्रॉनचा असला तरी अर्ध्या ग्रॅमच्या थोडंच वर. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, तेव्हा आपण कशाची काळजी घ्यायची आहे हे लक्षात येईल.

पहिली पायरी: घड्याळ उलटं करून वाचा

मागच्या झाकणावर बारीक अक्षरांत बरंच काही कोरलेलं असतं. ‘स्टेनलेस स्टील बॅक’ एवढंच लिहिलेलं असेल तर सावध व्हा. त्याचा अर्थ फक्त झाकण स्टीलचं आहे, बाकी केस बहुधा पितळेची किंवा दुसऱ्या एखाद्या स्वस्त मिश्रधातूची. काही घड्याळांवर ‘बेस मेटल बेझल’, म्हणजे काचेभोवतीची कडा स्वस्त धातूची, असंही स्पष्ट लिहिलेलं असतं. झाकण स्टीलचं ठेवण्यामागे कारण आहे. तो भाग दिवसभर घामाला चिकटून असतो आणि घामातल्या क्षारांनी पितळ कळकतं. पूर्ण केस स्टीलची असेल तर ‘ऑल स्टेनलेस स्टील’ असं लिहितात. त्यावरचं सोनं कुठे उडालंच, तरी खालून पांढरं स्टील दिसेल, हिरवट डाग पडणार नाहीत.

जुन्या घड्याळांवर ‘प्लाके (म्हणजे मुलामा दिलेलं) १० मायक्रॉन’ किंवा ‘२० मायक्रॉन’ असे शिक्के सापडतात, कधी झाकणावर, कधी पट्टा अडकवायच्या शिंगांच्या मागे. ‘गोल्ड फिल्ड’ हा प्रकार वेगळा. त्यात विजेने पाणी चढवत नाहीत, सोन्याच्या मिश्रधातूचा पत्राच उष्णता आणि दाब देऊन पितळेवर बसवतात. तो पाणी दिलेल्या थरापेक्षा बराच जाड असतो. कित्येक दशकं वापरलेली अशी घड्याळं अजून पिवळीधमक दिसतात ती यामुळे.

दुसरी पायरी: मायक्रॉन विचारा

विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: थर किती मायक्रॉनचा? उत्तर अर्ध्या मायक्रॉनच्या आत असेल तर तो निव्वळ रंग समजा. समारंभापुरतं घालायला ठीक, रोजच्या वापरात कडा लवकर उघड्या पडतील. १ ते ३ मायक्रॉन म्हणजे जपून वापरलं तर चालेल. रोज घालायचं असेल तर ५ किंवा त्याहून जास्त बघावं. जाडी, शुद्धता, चिकटपणा आणि घासणीला तोंड देण्याची क्षमता कशी तपासायची यासाठी घड्याळांचं खास आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ ३१६०. ‘मायक्रॉन माहीत नाही, पण १८ कॅरेट आहे’ असं उत्तर आलं, तर मी ते घड्याळ परत ठेवतो.

तिसरी पायरी: पाणी की पीव्हीडी?

विजेने सोनं चढवण्याचा प्रयोग ब्रुन्यातेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने १८०५ मध्येच केला होता. त्याआधी सोनं पाऱ्यात कालवून लावत आणि तापवून पारा उडवून देत. त्या वाफांनी कारागिरांची आयुष्यं नासली. आज द्रावणात घड्याळाची केस ऋण टोकाला जोडतात आणि सोनं तिच्यावर जमत जातं. बहुतेक वेळा आधी निकेल किंवा पॅलॅडियमचा थर देतात, नाहीतर पितळेतलं तांबं हळूहळू सोन्यात मुरतं आणि रंग मळतो. सोनं झिजून निकेल उघडं पडलं की काहींच्या मनगटाला खाज आणि पुरळ येतं. दोष सोन्याचा नाही, खालच्या निकेलचा.

पीव्हीडीत (फिजिकल व्हेपर डिपॉझिशन) द्रावण नसतं. निर्वात पेटीत धातूची वाफ करून ती केसवर बसवतात. सोनेरी घड्याळांसाठी बहुधा टायटॅनियम नायट्राइड वापरतात. त्याचा रंग मुळातच सोनेरी असतो आणि चांगल्या घड्याळांत त्यावर खऱ्या सोन्याचा पातळ हात फिरवलेला असतो. कडकपणाच्या विकर्स मापात मऊ शुद्ध सोनं २५ च्या आसपास भरतं, टायटॅनियम नायट्राइड २,००० च्या घरात. साध्या घासण्याने ते उतरत नाही. पण थर कितीही कडक असला तरी खालचं स्टील त्या मानाने मऊच. दाराच्या चौकटीवर जोरात आपटलं तर स्टीलला पोचा पडतो आणि तिथला थर तडकतो. तरी रोजच्या वापराला माझं मत पीव्हीडीच्या बाजूने. जाड पाण्याला येणारी उबदार झाक मात्र त्याला क्वचितच येते.

चौथी पायरी: घडण बघा

गंमत अशी की पाणी देताना वीज टोकांवर आणि कडांवर जास्त एकवटते, म्हणून सोनं तिथेच जास्त जाड बसतं, खोबणीत कमी. तरी आधी उघड्या पडतात त्या कडाच, कारण बाही, टेबल, खिसा सगळं त्यांनाच घासतं. म्हणून धारदार कोपऱ्यांपेक्षा गोलाई असलेली केस घ्या. आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागावर पहिलाच ओरखडा उठून दिसतो, रेघारेघांच्या मंद पृष्ठभागावर तो लपतो.

धातूच्या पट्ट्यापेक्षा चामड्याचा पट्टा बरा. धातूच्या पट्ट्याच्या कड्या एकमेकींवर सतत घासतात आणि बकल टेबलावर. माझ्या एका घड्याळाची केस अजून नवी दिसते, पण बकल पहिल्याच वर्षात पांढरं पडलं. दिवसभर माउस धरून बसायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार!

पाचवी पायरी: रोजची निगा

अत्तर, क्रीम, सनस्क्रीन आधी लावा, ते वाळू द्या, घड्याळ सगळ्यात शेवटी. त्याच हातात कडं किंवा बांगड्या नकोत. तरणतलावातलं क्लोरीनचं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी दोन्ही टाळा, घड्याळ जलरोधक असलं तरीही. जलरोधक म्हणजे आतलं यंत्र सुरक्षित, सोनं नव्हे.

रात्री काढल्यावर मऊ, कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसा, विशेषतः मागची बाजू आणि शिंगांच्या आतली खोबण. रोजचा अर्धा मिनिट पुरतो आणि बाकी सगळ्या उपायांपेक्षा याचाच उपयोग जास्त. मळ चिकटला असेल तर सौम्य साबणाचा एक थेंब ओल्या कापडावर घ्या, पुसा, मग साध्या ओल्या कापडाने आणि शेवटी कोरड्याने. चावी आत दाबलेली आहे ना, ते आधी बघा.

टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, पितळ उजळवायची पावडर यातलं काहीही लावू नका. चमक येते ती सोनं खरवडूनच येते. दागिने चमकवायच्या कापडातही बरेचदा घासणारी पूड असते. भरीव सोन्याला ते चालेल, १ मायक्रॉनच्या थराला परवडत नाही. ठेवताना प्रत्येक घड्याळ वेगळ्या मऊ पिशवीत ठेवा.

पाणी उतरल्यावर

पुन्हा पाणी देता येतं. त्यासाठी यंत्र, काच आणि रबरी कड्या काढून केस रिकामी करावी लागते. न उघडता ब्रशने सोनं लावून देतो म्हणणाऱ्याचं काम फार टिकत नाही. जुना थर उतरवून, पॉलिश करून, खालचा थर देऊन मग सोनं चढवतात. पितळेला खड्डे पडले असतील तर ते आधी भरून घ्यावे लागतात, नाहीतर नव्या सोन्याखाली तेच खड्डे चमकतात. पीव्हीडीचा तेवढाच तुकडा दुरुस्त होत नाही, पूर्ण केस पुन्हा पेटीत घालावी लागते किंवा बदलावी लागते.

जुनं, दुर्मीळ घड्याळ असेल तर घाई करू नका. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा धातू जातो, कडा बोथट होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात आणि संग्राहकांना बहुधा झिजलेलं पण मूळचं सोनंच हवं असतं. तरी द्यायचंच ठरलं, तर आधी झाकणावरच्या शिक्क्यांचे जवळून फोटो काढा आणि किती मायक्रॉनचं पाणी देणार ते पावतीवर लिहून घ्या.