रून लिपीचा अभ्यासक व्हायचंय? मग सुरुवात अशी करा

रून्स म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या, दगड-लाकडावर कोरायच्या लिपीतली चिन्हं. आधी गेम्समधले रून्स, भविष्य सांगणारे खडे, टॅटू हे सगळं बाजूला ठेवा. खऱ्या रून-अभ्यासकाची बरीचशी हयात स्वीडन-डेन्मार्क-नॉर्वेतल्या कुठल्यातरी शेताच्या कडेला, शेवाळ काढलेल्या दगडासमोर गुडघे टेकून "ही रेघ कोरलेली आहे की नुसती भेग" एवढंच ठरवण्यात जाते. हे वाचूनही जायचंच असेल तर पुढे वाचा.

लिपी पाठ करणं सगळ्यात सोपं. जुन्या फुथार्कमध्ये (फुथार्क म्हणजे रून्सची वर्णमाला) 24 चिन्हं, वायकिंग काळातल्या नव्या फुथार्कमध्ये 16, आठवड्याभरात होतं. पण गोची अशी की 16 चिन्हांत भाषेतले सगळे आवाज मावत नाहीत, त्यामुळे क आणि ग ला एकच चिन्ह, त आणि द ला एकच, आणि मधला न तर पुष्कळदा गायबच. त्यामुळे दगडावर 'कुथ' दिसलं तर ते 'गुथ' म्हणजे देव आहे हे ओल्ड नॉर्स, म्हणजे स्कँडिनेवियाची तेव्हाची भाषा, येत असेल तरच कळणार. म्हणून आधी ओल्ड नॉर्सचं व्याकरण नीट करा, मग स्वीडिश किंवा डॅनिश वाचता येईल इतपत, आणि थोडं जर्मनही, कारण जुनं संशोधन बरंच त्यात आहे.

आता प्रत्यक्ष वाचन. भर दुपारी जाऊ नका, संध्याकाळी ऊन तिरपं झालं की जा, नाहीतर अंधारात टॉर्च बाजूने मारा, मग कोरीव रेघेची सावली पडते. डोळ्यांना शंका आली की बोट फिरवून बघा. आणि तो लाल रंग असतो ना रेघांमध्ये, तो बऱ्याचदा आजकालच्या लोकांनी भरलेला असतो, म्हणजे ते त्यांचं वाचन झालं, तुमचं नाही, त्यावर विसंबू नका. मग एकेक चिन्ह उतरवायचं, शंकास्पद असेल त्याखाली टिंब, झिजून गेलेलं चौकोनी कंसात. अर्थ लावायचा नाही अजून! सगळं उतरवून झालं की मग शब्द पाडायचे, मग व्याकरण, आणि भाषांतर एकदम शेवटी.

हा क्रम उलटा केला तर काय होतं त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे रुनामो. दक्षिण स्वीडनच्या ब्लेकिंग भागातल्या एका खडकावर कोरीव लेख असल्याची समजूत डॅनिश इतिहासकार सॅक्सोच्या काळापासून म्हणजे 1200 च्या आसपासपासून होती, डेन्मार्कचा राजा वाल्देमारने माणसं पाठवली तरी कोणाला वाचता आला नव्हता. कोपनहेगनमधला आइसलँडिक विद्वान फिन्नुर मॅग्नुसन, माणूस प्रचंड हुशार, त्याने 1834 मध्ये खडकाचं रेखाचित्र उजवीकडून डावीकडे वाचलं आणि त्याला ब्रोवल्लाच्या दंतकथेतल्या लढाईबद्दलची अख्खी कविता सापडली! 1841 मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथही निघाला. मग वोर्साए नावाचा विशीतला डॅनिश तरुण खडकापाशी गेला, नीट तपासलं आणि 1844 मध्ये दाखवून दिलं की त्या नुसत्या नैसर्गिक भेगा आहेत. बिचारा फिन्नुर. माझ्या मते नवीन विद्यार्थ्याला व्याकरणाच्या आधी हा किस्सा सांगायला हवा, कारण ज्याला खूप येतं त्यालाच कविता दिसते.

पेशन्सचं म्हणाल तर सोफुस बुग्गे बघा. नॉर्वेचा हा प्राध्यापक स्वीडनमधल्या र्योकच्या दगडामागे लागला, 9 व्या शतकातला, साधारण 760 चिन्हांचा लेख, वारिन नावाच्या बापाने मेलेल्या मुलासाठी कोरवलेला. बुग्गेने 1878 मध्ये अर्थ मांडला, नंतर स्वतःचंच म्हणणं पुन्हा पुन्हा बदललं, 1907 मध्ये वारला आणि त्याचं शेवटचं काम 1910 मध्ये मॅग्नुस ओल्सेनने छापून आणलं. एवढं होऊनही वाद मिटलेला नाही, 2020 मध्ये स्वीडनच्या अभ्यासकांनी त्याच लेखात हवामानाच्या संकटाची भीती असल्याचं मांडलं. आपलं मत आपणच खोडायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

नोकऱ्यांचं खरं सांगायचं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. उप्साला आणि ओस्लोची विद्यापीठं, स्टॉकहोमचं पुरातत्त्व खातं, कोपनहेगनचं नॅशनल म्युझियम, थोडंफार जर्मनीत. स्वीडिश रून-अभ्यासक स्वेन यान्सनसारखं नशीब सगळ्यांचं नसतं, लोक त्याला प्रेमाने 'रून-यान्ने' म्हणायचे, तो प्राध्यापक झाला आणि 1966 ते 1972 स्वीडनचा राष्ट्रीय पुरातत्त्व प्रमुखही होता. पण तो एलियास वेसेनबरोबर स्वीडनच्या उप्लांड प्रांतातल्या रून लेखांच्या खंडांवर वर्षानुवर्षं खपला होता हे विसरू नका, ते खंड 1940 ते 1958 या काळात निघाले. बाकीचे बहुतेक जण नॉर्स भाषा किंवा पुरातत्त्व शिकवतात आणि रून्स सोबत चालू ठेवतात, तुम्हीही डिग्री तशीच निवडा.

तोवर फुकट सराव करायचा तर उप्साला विद्यापीठाचा सगळ्या स्कँडिनेवियन लेखांचा डेटाबेस ऑनलाइन आहे. उप्लांडचे लेख आधी घ्या, कारण तिथे "अमक्याने तमक्याच्या, आपल्या बापाच्या आठवणीसाठी हा दगड उभारला" हीच वाक्यरचना इतकी येते की दहा-वीस लेखांत हात बसतो. वाचन झाकून ठेवा, फोटोवरून स्वतः उतरवा, मगच ताडून बघा.