मूकपटातील नटाचे चरित्र कसे लिहावे: अण्णा साळुंके यांच्या निमित्ताने

मूकपटांच्या काळातील नटाचे चरित्र लिहिताना जन्म, शिक्षण, विवाह या क्रमाने सुरुवात करू नये, कारण बहुतेक नटांच्या बाबतीत हे तपशील हाती लागत नाहीत आणि मग रिकामी जागा भरण्यासाठी ऐकीव माहिती आत शिरते. आधी चित्रपटांची यादी करावी. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्यात अण्णा साळुंके तारामती होते, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम व सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. या दोन नोंदींभोवती त्यांचे चरित्र उभे करता येते.

त्यानंतर भूमिकेमागचे कारण शोधावे. पुरुषाने स्त्रीभूमिका करणे मराठी रंगभूमीवर रूढच होते. तथापि साळुंके नाटक मंडळीतून आलेले नव्हते. कोणतीही स्त्री कॅमेऱ्यासमोर उभी राहण्यास तयार होईना, तेव्हा ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारा हा नाजूक बांध्याचा तरुण फाळके यांनी निवडला, असे सांगितले जाते. १९१३ मध्येच फाळके यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, ही गोष्ट शेजारी ठेवल्याशिवाय साळुंके यांच्या निवडीचा अर्थ नीट लागत नाही. साळुंके यांचा पगार दहाचा पंधरा रुपये झाल्याची हकीकत रंजक असली, तरी ती आख्यायिका म्हणूनच लिहावी. फाळके यांची स्वतःची बाजू हवी असल्यास ‘नवयुग’ मासिकातील त्यांचे लेख आणि ब्रिटिश सरकारने नेमलेल्या १९२७-२८ च्या सिनेमॅटोग्राफ समितीपुढील त्यांची साक्ष वाचावी.

अभिनयाविषयी लिहिताना सर्वाधिक सावधगिरी लागते. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे उपलब्ध आहेत, आणि ती १९१३ ची नसून १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे, त्यामुळे तारामतीच्या एखाद्या हावभावाचे वर्णन करण्यापूर्वी आपण कोणत्या आवृत्तीविषयी बोलत आहोत, हे स्पष्ट लिहावे. चित्रफितीचा वेगही तपासावा. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) असतात. मूळ चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा होता, म्हणजे सेकंदाला १६ चौकटींच्या वेगाने तो तासाभराचा होतो, तर बोलपटाच्या २४ चौकटींच्या वेगाने चाळीसएक मिनिटांत संपतो. सर्वत्र छापली जाणारी ‘४० मिनिटे’ ही लांबी याच दुसऱ्या हिशोबाशी जुळते. चुकीच्या वेगाने पाहिलेल्या फितीवरून जुन्या नटांना धांदरट ठरवणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

शेवटी, शोध नटांच्या नामावलीपुरता मर्यादित ठेवू नये. साळुंके पुढे छायाचित्रणाकडे वळले, त्यामुळे १९२० च्या दशकातील त्यांची नोंद छायालेखकांच्या यादीतही पाहावी लागते; आणि आडनाव कुठे ‘साळुंके’ तर कुठे ‘साळुंखे’ असे छापलेले असल्याने दोन्ही रूपांनी शोध घ्यावा.