न उलगडलेल्या जुन्या खुनाचा अभ्यास कसा करावा: व्हाइटचॅपल, १८८८

लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपल आणि त्याच्या आसपास, ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८ या दहा आठवड्यांत पाच स्त्रियांचे खून झाले, आणि ते एकाच माणसाने केले असावेत असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘जॅक द रिपर’ हे त्याचे प्रसिद्ध नाव एका निनावी पत्रातून आले, आणि ते पत्र कोणा पत्रकारानेच लिहिले असावे असा तेव्हाच्या पोलीस अधिकाऱ्यांचाही कयास होता. या प्रकरणाकडे वळणारा हौशी अभ्यासक बहुधा ‘खुनी कोण?’ या प्रश्नापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. संशयित आधी ठरला की पुढे सापडणारा प्रत्येक कागद त्याच्याच विरुद्ध बोलतो आहे असे वाटू लागते.

म्हणून पहिली पायरी अशी की, एक लहान आणि तपासता येण्याजोगा प्रश्न निवडावा. उदाहरणादाखल आपण हा प्रश्न घेऊ: ८ सप्टेंबर रोजी २९, हॅनबरी स्ट्रीटच्या मागील अंगणात या पाच स्त्रियांपैकी ॲनी चॅपमन हिचा खून नेमका किती वाजता झाला?

दुसरी पायरी म्हणजे या प्रश्नाविषयी कोणते कागद उरले आहेत आणि कोणते नाहीत, हे पाहणे. महानगर पोलिसांची कागदपत्रे लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (राष्ट्रीय अभिलेखागारात) ‘मेपो ३/१४०’ या दप्तरात आणि गृहखात्याची ‘एचओ १४४/२२१’ या दप्तरात आहेत. पाचांपैकी कॅथरीन एडोज आणि मेरी केली यांच्या मरणोत्तर चौकशीची मूळ कागदपत्रे टिकली आहेत. चॅपमनच्या चौकशीची मात्र नाहीत. त्यामुळे कॉरोनर (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी) विन बॅक्स्टर यांच्यापुढे साक्षीदार काय म्हणाले, हे आपल्याला मुख्यतः वर्तमानपत्रांतूनच वाचावे लागते. ती वर्तमानपत्रे आज वर्गणी भरून घरबसल्या पाहता येतात. एकाच साक्षीचा वृत्तांत निदान दोन पत्रांतून उतरवून शेजारीशेजारी ठेवावा, कारण वार्ताहर घाईत लिहीत, जागेअभावी वाक्ये गाळत आणि प्रश्नोत्तरे एकत्र करून सलग निवेदन बनवत. जुळणाऱ्या मजकुराइतकेच न जुळणाऱ्या मजकुराकडेही लक्ष द्यावे.

तिसरी पायरी सर्वांत कष्टाची आहे, आणि खरा आनंदही तिच्यातच आहे. प्रत्येक साक्षीची नोंद करताना कोण बोलले, काय म्हणाले, कोणापाशी म्हणाले, घटनेनंतर किती दिवसांनी म्हणाले आणि वेळ कशावरून सांगितली, हे पाच रकाने ठेवावेत. चॅपमन पहाटे पावणेदोनच्या सुमारास डॉर्सेट स्ट्रीटवरील भाड्याच्या निवाऱ्यातून बाहेर पडली, कारण तिच्यापाशी बिछान्याचे पैसे नव्हते. मृतदेह सहाच्या सुमारास त्याच घरातील भाडेकरू जॉन डेव्हिस याला दिसला. साडेसहाला देह तपासणारे डॉ. जॉर्ज बॅग्स्टर फिलिप्स यांच्या मते मृत्यू होऊन किमान दोन तास, बहुधा अधिक, लोटले होते. म्हणजे खून साडेचारला किंवा त्याआधी झाला. परंतु जॉन रिचर्डसन पावणेपाचच्या सुमारास त्याच अंगणाच्या पायरीवर बसून बुटाचे कातडे कापत होता आणि त्याला देह दिसला नाही. शेजारच्या अंगणातून आल्बर्ट कॅडॉश याला सव्वापाचनंतर ‘नाही’ असा शब्द आणि थोड्या वेळाने कुंपणावर काहीतरी आदळल्याचा आवाज ऐकू आला. एलिझाबेथ लाँग हिने साडेपाचला घरासमोर एक स्त्री पुरुषाशी बोलताना पाहिली, आणि ती स्त्री चॅपमनच होती असे तिने पुढे सांगितले.

येथे ‘डॉक्टर विरुद्ध तीन साक्षीदार’ अशी बेरीज करून मोकळे होऊ नये. सकाळ थंड होती आणि रक्तस्राव फार झाला होता, त्यामुळे देह लवकर गार झाला असेल, अशी पुस्ती डॉक्टरांनी स्वतःच जोडली होती. उलट बाजूने, रिचर्डसनने आपल्याला बूट कापल्याचे सांगितले नव्हते, असे इन्स्पेक्टर चँडलर यांनी चौकशीत म्हटले. लाँगने वेळ मद्यनिर्मितीच्या कारखान्याच्या घड्याळाच्या टोल्यावरून सांगितली, तर कॅडॉशने आवाज ऐकल्यानंतर कामावर जाताना चर्चच्या घड्याळात पाच बत्तीस पाहिले होते. कॅडॉशने आवाज ऐकल्यानंतर लाँगला ती स्त्री जिवंत दिसली, असा दोघांच्या सांगण्यात जो काही मिनिटांचा पेच आहे, तो दोन घड्याळांतला असू शकतो, स्मृतीतला असू शकतो किंवा दोघांनी पाहिलेली-ऐकलेली माणसेच वेगळी असू शकतात. या तीनही शक्यता वहीत लिहाव्यात. पोलिसांनाही हा पेच जाणवला होता: मुख्य इन्स्पेक्टर डोनाल्ड स्वॉन्सन यांनी १९ ऑक्टोबरच्या अहवालात डॉक्टरांचे मत ग्राह्य धरल्यास लाँगच्या साक्षीविषयी शंका घ्यावी लागेल, असे नोंदवले.

चौथी पायरी उशिराच्या लेखनाविषयी आहे. अस्सल पत्र आणि मागाहून लिहिलेली बखर यांतला फरक मराठी वाचकाला वेगळा समजावण्याची गरज नाही. या प्रकरणातली बखर म्हणजे लंडनचे पोलीस अधिकारी मेलव्हिल मॅकनॉटन यांचे २३ फेब्रुवारी १८९४ चे टिपण. त्यात ड्रुइट, कॉस्मिन्स्की आणि ऑस्ट्रॉग ही तीन संशयितांची नावे आहेत, आणि अधिकृत कागद म्हणून त्याचा दबदबा फार आहे. पण मॅकनॉटन १८८९ च्या जूनमध्ये पोलीस खात्यात आले, म्हणजे खून होत असताना ते तेथे नव्हतेच. त्याआधी ते बंगालमध्ये कुटुंबाची जमीनजायदाद सांभाळत होते. टिपणात ड्रुइट डॉक्टर असल्याचे म्हटले आहे, प्रत्यक्षात तो बॅरिस्टर आणि शाळामास्तर होता. ऑस्ट्रॉग तर त्या काळात फ्रान्समध्ये कैदेत होता, हे संशोधकांनी सुमारे शंभर वर्षांनी शोधून काढले.

अशी तपासणी पोलीस दप्तराबाहेरच्या कागदांवरून होते, आणि ती पाचवी पायरी. जनगणना, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची व तुरुंगांची पुस्तके, मोठ्या प्रमाणावरचे जुने नकाशे (स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य दिसतात) आणि क्रिकेटचे धावफलकसुद्धा उपयोगी पडतात. ड्रुइट ८ सप्टेंबरला सकाळी साडेअकरा वाजता ब्लॅकहीथ येथे क्रिकेट खेळत होता, ही नोंद अशीच सापडली. तिने तो निर्दोष ठरत नाही, कारण ब्लॅकहीथ व्हाइटचॅपलपासून काही मैलांवरच आहे. तरीही त्याच्या त्या दिवसाचा एक भाग पक्का होतो.

‘वैज्ञानिक’ दाव्यांबाबत एकच कसोटी पुरे: वस्तू घटनास्थळापासून आजच्या मालकापर्यंत कोणाकोणाच्या हातून आली, हे कागदोपत्री दाखवता येते का? एडोजची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या शालीच्या डीएनए चाचणीचा २०१४ पासून गाजावाजा झाला, पण खुनाच्या रात्री ती शाल तेथे होती याचा समकालीन पुरावा नाही, मग प्रयोगशाळा कितीही उत्तम असो.

शेवटी निष्कर्ष लिहिताना तो कशावर उभा आहे आणि काय सापडल्यास बदलेल, हे दोन्ही लिहावे. मृतदेहाची छायाचित्रे, जखमांची वर्णने प्रश्नाला लागतील तेवढीच वापरावीत. चॅपमन ही विणकाम व फुले विकून, मिळेल तसे पोट भरणारी सत्तेचाळीस वर्षांची स्त्री होती, याचा विसर पडू देऊ नये. माझ्या वहीतला निष्कर्ष सध्या असा आहे: खून साडेपाचच्या आसपास झाला असावा, कारण देहाच्या उष्णतेवरून वेळ सांगण्याची तेव्हाची पद्धत अंदाजाची होती आणि डॉक्टरांनीच तिची मर्यादा सांगितली होती, मात्र चॅपमनच्या चौकशीचे मूळ कागद कधी सापडले आणि त्यात रिचर्डसनची साक्ष वेगळी निघाली, तर हे पान खोडावे लागेल.